इस्क्राचा डावा पाय

"हललं नाही! अरे बघा, डोकं हललं नाही!"

गेना आजीची आरोळी ऐकली आणि झऱ्यावर जमलेल्या सगळ्या कामेन्दोल गावाने छातीवर क्रूस काढला. कुणी गुडघ्यांवर बसलं, कुणी रडायला लागलं. गांचो मेंढपाळाने टोपी हवेत उडवली, ती पाण्यात पडली, तरी त्याला ती काढायचं भान नव्हतं. दगडी पुलावरून देन्का तिच्या तांबड्या घोडीला, इस्क्राला, दुडक्या चालीने आणत होती. आदल्या दिवसापर्यंत हीच घोडी डाव्या पुढच्या पायाने अशी लंगडत होती की बघवत नव्हतं. आता मान सरळ आणि डोकं स्थिर.

पुलाच्या टोकाला, बोरूच्या कुडाबाहेर पान्तेलेय बुवा उभा होता. हात कोपरापर्यंत मातीने बरबटलेले, दाढी पोटावर आणि डोळे आभाळाला लावलेले.

"मी काहीच केलं नाही, लेकरांनो," तो गहिवरून म्हणाला. "मी कोण? मी किडा! काल संत तोडोर स्वप्नात आला. अंगावर नऊ कोट, खाली पांढरा घोडा. म्हणाला, पान्तेलेय, ऊठ, लाझारची घोडी माझ्या झऱ्यावर आण. घोड्याच्या पायात मालकाचं पाप उतरतं. ते माझी माती ओढून घेईल."

नऊ कोट घालून आलेल्या संताला घाम कसा फुटला नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मीही विचारलं नाही. माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. मी कान देऊन पुलावरचा टापांचा आवाज ऐकत होतो.

मी कुझ्मान. गावचा नालबंद. तेव्हा एकतीस वर्षं आजूबाजूच्या सात गावांतल्या घोड्यांना नाला ठोकत होतो. आमच्याकडे घोडं पारखायची रीत एकच, पणजोबांच्या वेळेपासूनची. पुलावरून दुडकी चालवायचं आणि डोक्याकडे बघायचं. पुढचा पाय दुखत असला की तो टेकताना घोडं डोकं वर झटकतं आणि चांगला पाय टेकला की खाली घालतं. डोकं हललं तर घोडं लंगडं, नाही हललं तर धडधाकट. शेंबडं पोरसुद्धा हे ओळखतं, आणि त्याचा आम्हाला भलता अभिमान! शहरातला माणूस आला की आम्ही त्याला पुलावर नेतो आणि म्हणतो, सांगा बघू, कुठला पाय?

त्या दिवशी डोकं हलत नव्हतं. टापा एकसारख्या पडत होत्या, घड्याळासारख्या. पण आवाज दबका होता आणि पावलं आखूड. त्या आवाजाचा अर्थ गावात दोनच माणसांना ठाऊक होता, मला आणि बुवाला. तो अर्थ मी आत्ता सांगत नाही, कारण त्या दिवशीही मी सांगितला नाही. सगळ्यांनी क्रूस काढला तसा मीही काढला.

का? ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण त्यासाठीच तर लिहायला बसलोय.

लाझार माझा जिवलग दोस्त. इस्क्रा त्याच्या हातात जन्मली. दर वर्षी तोडोरच्या, म्हणजे घोड्यांच्या संताच्या, सणाला तो तिच्यावर बसून शर्यतीत धावायचा आणि जिंकला की घरोघर फिरून भाकरी, वाइन, मोजे गोळा करायचा. गेल्या शरद ऋतूत छातीच्या दुखण्यात तो गेला. जायच्या आधी मला म्हणाला, "कुझ्मान, देन्का घोडीला पोटच्या पोरीसारखं सांभाळेल, त्याची काळजी नाही. पण इस्क्राचे पाय तुझ्या हातात." मी म्हटलं, "वेड्या, माझ्याशिवाय तिच्या पायाला हात कोण लावणार?"

देन्का म्हणजे त्याची मुलगी, तिशीची, सहकारी बेकरीत कामाला. तिने जाहीर केलं, यंदा बाबांच्या जागी शर्यतीत मी बसणार. गावात आजवर बाई शर्यतीत धावली नव्हती. बायांनी त्या दिवशी नालेच्या आकाराची भाकरी भाजायची आणि पुरुषांनी घोडे पळवायचे, अशी आमच्याकडची वाटणी. गांचो म्हणाला, "भाकरी कोण भाजणार मग?" ती म्हणाली, "तू भाज की! मेंढ्यांचं दूध काढतोस, कणीक मळायला काय होतंय?" त्यावर गाव हसलं आणि विषय मिटला. बापाच्या आठवणीत एकदा, फक्त एकदा धावायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

नाला बदलायला तिने घोडी आणली ती चौदा फेब्रुवारीला. संत त्रिफोनचा दिवस! त्या दिवशी आम्ही द्राक्षवेली छाटतो, छाटलेल्या वेलीवर वाइन ओततो, आणि वेलीपेक्षा जास्त पोटात ओततो. मी सकाळपासून मळ्यात होतो. देन्का म्हणाली, "काका, उद्या येऊ का?" मी म्हणालो, "उद्या कशाला? मी झोपेतसुद्धा नाल ठोकतो."

डाव्या पुढच्या पायाचा पाचवा खिळा. मारताना घोडीने पाय ओढला. खूर म्हणजे आपल्या नखासारखं, बाहेरचा भाग निर्जीव, पण आत जिवंत मांस. खिळा बाहेरच्या भागातून गेला तर घोड्याला कळतही नाही. आत गेला तर झालं. पाय ओढला म्हणजे खिळा काढायचा, हे मी शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात शिकलो. पण दारात चार जण पेले घेऊन उभे होते आणि गाणं चाललं होतं. एकतीस वर्षांत माझा एकही खिळा चुकला नव्हता. मी घोडीवरच खेकसलो, "उभी राहा, नखरेल!" आणि खुराच्या भिंतीतून बाहेर आलेलं खिळ्याचं टोक वळवून टाकलं. टोक बाकीच्यांपेक्षा अर्धं बोट वर निघालं होतं, म्हणजे खिळा आतून गेला होता. ते मला दिसलं होतं.

आठवड्याने देन्का धावत आली. "काका, इस्क्रा लंगडतेय."

त्या क्षणी म्हणायचं होतं, पोरी, माझा खिळा. तीन शब्द! मी घोडीच्या खांद्यावर हात फिरवला आणि वैद्यासारखा चेहरा करून म्हणालो, "खांदा धरलाय. थंडी बाधली. माझ्याकडे ठेव दोन दिवस, शेकतो." मनात होतं की गुपचूप खिळा काढीन, जखम धुईन, पोरीला कळणारही नाही. पण गेना आजीने मधेच तोंड घातलं. "खांदा कसला! दृष्ट लागली. बाई शर्यतीत उतरते म्हटल्यावर लागणारच. झऱ्यावर ने."

देन्काने माझ्याकडे पाहिलं. "काका, नेऊ का? तुम्ही म्हणाल तसं."

मी खांदे उडवले. "ने. माती लावून काय बिघडतंय?"

बिघडायचं ते त्या वाक्यानेच बिघडलं. पान्तेलेय बुवा तीन वर्षांपूर्वी कुठून तरी उगवला होता, झऱ्याजवळ झोपडी बांधून राहिला होता, आणि गुरांची दुखणी मातीने बरी करत होता. लोक चीज देत, अंडी देत, लोकरीचे मोजे देत. बुवाला पाय दोनच, पण मोजे चाळीस जोड. घोड्याला तो एकटाच कुडाआड नेई. बघायचं नाही, बघणाऱ्याचे डोळे जातात. बाहेर आणी तेव्हा चारही खूर मातीने लिंपलेले असत. "तोडोरच्या दिवसापर्यंत खूर धुवायचे नाहीत, खरवडायचे नाहीत, हात लावायचा नाही," तो बजावायचा. "धुतलेत तर पाप उलटून मालकावर!" देन्का रोज दोनदा खूर साफ करणारी पोर, खरारा केल्याशिवाय चहा न पिणारी. तिनेसुद्धा त्या दिवसापासून खुराला हात लावला नाही.

चमत्काराच्या दुसऱ्या दिवशी बुवा माझ्या भट्टीवर आला. नालेसाठी बांधलेला एक घोडा उभा होता. बुवाने जाता जाता त्याचा पाय उचलला, बघितला आणि ठेवला. असा पाय दोनच जातींची माणसं उचलतात, नालबंद आणि घोड्यांचे दलाल.

"छान काम आहे तुझं, कुझ्मान," तो म्हणाला. "सगळे खिळे एका रांगेत. लाझारच्या घोडीचा पाचवा तेवढा वर गेलाय."

माझ्या हातातला हातोडा तसाच राहिला.

"घाबरू नकोस रे. मी कशाला बोलतोय? गावात तुझं नाव आहे, माझंही आहे. तू माझं झाक, मी तुझं झाकतो. अळीमिळी गुपचिळी."

"घोडीचं काय?" मी विचारलं.

"घोडीला बोलता येतं का?" बुवा म्हणाला आणि हसत हसत निघून गेला.

मी त्याच्या मागे धावून त्याची दाढी धरायला हवी होती. मी काय केलं? घोड्याला नाल ठोकली. या वेळी खिळे दोनदा तपासले.

एक प्रयत्न केला, तेही सांगतो. देन्का बेकरीत असताना भर दुपारी पकड आणि कानस खिशात घालून तिच्या तबेल्यात गेलो. इस्क्रा कोपऱ्यात उभी होती. पुढ्यातली चंदी तशीच. कधी या पायावर भार दे, कधी त्या पायावर दे, असं तिचं चाललं होतं, तापलेल्या तव्यावर उभं केल्यासारखं. मला बघितलं आणि कान मागे टाकले. मी वाकलो, तोच मागून आवाज आला.

"काका? तुम्ही?"

देन्का लवकर परतली होती. हातात कापडात गुंडाळलेली भाकरी, नालेच्या आकाराची, सणासाठी करून पाहिलेली पहिली. तिने तिचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

"मला माहीत होतं तुम्ही येऊन बघणार. बाबा म्हणायचे, कुझ्मान आहे तोवर इस्क्राच्या पायांची चिंता नाही. ती जरा गप्प गप्प आहे हो. पण डोकं हलत नाही. म्हणजे ठीकच ना?"

"ठीकच," मी म्हणालो.

भाकरी तोंडात फिरत राहिली. खिशातली पकड तशीच घेऊन घरी आलो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, खांदा धरलाय.

तोडोरचा शनिवार उजाडला. पहाटेच बायांनी घोड्यांच्या आयाळीत लाल लोकर आणि निळे मणी गुंफले होते. माळावर सात घोडे रांगेत, आणि सगळं गाव इस्क्राभोवती. लोक तिच्या खुरांवरची वाळलेली माती बोटाने टोकरून डोळ्यांना लावत होते. गेना आजीने तिच्या गुडघ्याला लाल दोरा बांधला. बुवा नवे मोजे घालून पुढे उभा होता आणि सांगत होता, "आज ही घोडी धावणार नाही, उडणार! संताने स्वतः लगाम धरलाय!"

शर्यतीची वाट माळावरून उतारावर जाते, उताराच्या तळाशी दगडी पूल, पुलापाशी झरा. उतारावर घोड्याचा सगळा भार पुढच्या पायांवर येतो. मला त्या उताराशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

शर्यतीपूर्वी घोड्यांचे कागद बघायला तालुक्याच्या गावाहून डॉक्टर नेवेना आल्या होत्या. बारा गावांची जनावरं एकटीने बघणारी बाई. चिखलाने भरलेले बूट, बोलायला फटकळ. त्यांनी इस्क्राला चार पावलं चालवायला सांगितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हिची पावलं इतकी आखूड का? खूर धुवा बरं, बघू दे."

"धुवायचे नाहीत!" दहा जण ओरडले.

"का?"

"पाप उलटेल!" गेना आजी म्हणाली.

"आजी, पाप पाण्यात विरघळत असतं तर मी पिंपं भरून विकलं असतं. घोडीला काहीतरी होतंय. डोळे बघा तिचे. चंदी खाते का गं, देन्का?"

"कमी खाते," देन्का हळूच म्हणाली.

"डॉक्टरीणबाई," गांचो पुढे झाला, "तुम्ही पुस्तकं वाचलीत, आम्ही घोड्यांच्या पोटाखाली वाढलो. डोकं हलतंय का? नाही ना? मग?"

डॉक्टर गर्दीतून नेमक्या माझ्याकडे वळल्या. "कुझ्मानकाका, नाल तुमची. तुम्ही सांगा. ही घोडी बरी आहे का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बुवाही बघत होता, अगदी प्रेमाने.

"डोकं तर हलत नाही," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. म्हणूनच ते सगळ्यात हलकट खोटं होतं.

"काका म्हणाले म्हणजे झालं!" देन्काचा चेहरा उजळला. तिने बापाची जुनी टोपी डोक्यावर नीट केली, रिकिबीत पाय घातला आणि वर बसली. तिचा भार पडला तशी इस्क्रा कण्हली. घोडं कण्हतं तेव्हा फार मोठा आवाज होत नाही, नाकातून नुसती हवा सुटल्यासारखं होतं. मी ऐकलं. आणि ती तशीच उभी राहिली, हुशार, आज्ञाधारक, कारण पाठीवर देन्का होती.

त्यानंतर मी काही ठरवलं नाही. पाय आपोआप पुढे गेले. मी लगाम धरला.

"उतर, पोरी."

"काका, काय झालं?"

"उतर म्हणतो ना! पाणी आणा कुणीतरी. बादलीभर."

"कुझ्मान!" बुवाचा आवाज चढला. "विचार कर. पाप कुणावर उलटेल याचा विचार कर."

"माझ्यावरच," मी म्हणालो. "आधी माझंच काढतो."

मी इस्क्राचा डावा पाय उचलला, माती धुतली, खिशातली पकड काढली. ती त्या दुपारपासून खिशातच होती. पाचवा खिळा ओढला. त्याच्यामागून काळा पू आला, चमचाभर, आणि वास असा की पुढची रांग मागे सरली. मी खिळा वर धरला.

"हा माझा. त्रिफोनच्या दिवशी दारू पिऊन मारलेला. घोडीने पाय ओढला तेव्हाच मला कळलं होतं. खांदा नव्हता धरला. दृष्ट नव्हती लागली. मी होतो."

देन्काकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मी उजवा पाय उचलला, धुतला, खरवडला. नाल आणि तळव्याच्या मधे, मेणात बसवून आत ठोकलेला एक गारगोटीचा खडा निघाला, वालाच्या दाण्याएवढा. त्याखाली तळवा निळाकाळा पडला होता.

"हा याचा," मी म्हणालो.

"सैतानाने घातला!" बुवा ओरडला. "संताच्या कामात सैतान नेहमी खडा घालतो!"

डॉक्टर नेवेनांनी खडा नाकाशी धरला. "सैतान मेणबत्त्या वापरतो का हो? हे पिवळं मेण तुमच्याच झऱ्यावरच्या मेणबत्त्यांचं आहे. आणि सैतानाला कुडाआड जायची परवानगी कुणी दिली? तिथे तर बघणाऱ्याचे डोळे जातात म्हणे."

"पण डोकं हलत नव्हतं!" गांचो हट्टाला पेटला. "पाय दुखतोय आणि वर खडाही घातला, तर ती जास्त लंगडायला नको? उलट बरी झाली! आम्ही आमच्या डोळ्यांनी बघितलं!"

"गांचो, बूट काढ," मी म्हणालो. "एकाच पायातला. हा खडा टाक आत, टाचेखाली. घाल आता, आणि चाल."

तो चालला. एक पाय उचलून उचलून, खांदा वाकडा करत. पोरं खिदळली.

"लंगडतोस?"

"लंगडणार नाही तर काय! टोचतोय मेला."

"आता दुसऱ्या बुटातही एक टाक. तेवढाच. चाल."

गांचो चालला. आखूड आखूड पावलं टाकत, पण सरळ. खांदा वाकत नव्हता, मान हलत नव्हती. त्याला एका पायावरचा भार टाळून टाकायला दुसरा चांगला पाय उरलाच नव्हता.

"अरे, गांचो बरा झाला!" डॉक्टर म्हणाल्या. "आजी, क्रूस काढा!"

"बरा कसला, मेलो मी!" गांचो ओरडला. "आधी एक दुखत होता, आता दोन्ही दुखतात!"

सगळं माळरान हसलं. आणि हसता हसताच थांबलं, कारण इस्क्रा समोर उभी होती. नऊ दिवस ती हेच सांगत होती. तिला बूट काढता येत नव्हते.

हीच ती गोष्ट, जी माझ्या वस्तादांनी मला लहानपणी एका जत्रेत दाखवली होती. लबाड दलाल लंगडं घोडं असंच विकतात. एक पाय दुखतो ना? दुसरा दुखवा. घोडं सारखं चालतं. दाखवून झाल्यावर त्यांनी माझा कान पिळला आणि म्हणाले, हे माहीत असावं, पण हातून कधी होऊ नये. माझ्या हातून झालं नाही. माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि मी बघत बसलो.

बुवा तेवढ्यात सटकला होता. पोरांनी दूरवर त्याला डोंगराच्या वाटेने जाताना बघितलं, झगा गुडघ्यापर्यंत उचलून. भलताच चपळ निघाला. चाळीस जोड मोजे मागेच राहिले. गेना आजी म्हणाली, "मेल्याने माझे दोन जोड नेले असते तरी चाललं असतं, पण माझी आयुष्यभराची अक्कल नेली." मग तिने वाकून घोडीच्या गुडघ्याचा लाल दोरा दातांनी तोडला.

देन्काने बापाची टोपी काढली होती. घोडीच्या मानेला मिठी मारून ती उभी होती. मी जवळ गेलो.

"पोरी, त्या बुवाने..."

"बुवाचं नाव काढू नका," ती म्हणाली. ओरडली नाही. "बुवाला मी ओळखत नव्हते. तो कोण, कुठला! मी त्याच्याकडे गेले ते तुम्ही 'ने' म्हणालात म्हणून. आज वर बसले ते तुम्ही बोललात म्हणून. माझा बुवा तुम्ही होतात, काका."

मी बादली उचलून आणखी पाणी आणायला गेलो.

त्या वर्षी ती धावली नाही. डॉक्टर नेवेनांनी खूर कोरून उरलेला पू काढला, औषधाच्या पट्ट्या बांधल्या, आणि देन्काने चार महिने घोडीला अनवाणी मऊ कुरणात ठेवलं. इस्क्रा बरी झाली. मातीने नाही, स्वप्नाने नाही. दुखतंय ते शोधलं, काढलं आणि दम धरला, म्हणून. पुढच्या वर्षी देन्का धावली आणि तिसरी आली. बापाच्या टोपीतून तिने गावभर भाकरी वाटली. मलाही दिली. तुकडा मोडून नाही, ताटलीत ठेवून, परक्याला देतात तशी.

आता तोडोरच्या दिवशी आमच्याकडे नवी रीत आहे. शर्यतीआधी प्रत्येक घोड्याचे चारही पाय सगळ्यांसमोर धुतात, उचलतात, आणि पकडीने एकेक खिळा दाबून बघतात. बघणारी देन्का असते. मी टोपी हातात घेऊन बाजूला उभा असतो. गेल्या खेपेला एक नवखा म्हणाला, "कुझ्मानने ठोकलेल्या नाला तपासायच्या? इतकी वर्षं ठोकतोय तो!" मी म्हणालो, "माझ्याच आधी तपास."

तेच तुम्हालाही सांगतो. तुम्ही घोडे पाळत असा वा नसा. दुखणाऱ्या जिवाला बोलता येत नाही म्हणून तो बरा आहे असं समजू नका. कुडाआड जे होतं, ज्याला हात लावू देत नाहीत, जे धुवून बघू देत नाहीत, तिथे देव नसतो, खडा असतो. डोळे जातील म्हणून कुणी सांगितलं तर डोळे आणखी मोठे करून बघा. आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतोय ती पारखसुद्धा एकदा पारखून बघा. आणि बुवाला विचारू नका तसं नावाजलेल्या माणसालाही विचारून थांबू नका. मलाही नाही. पाय उचला आणि स्वतः बघा.

मी अजून इस्क्राला नाल ठोकतो. देन्काने पुन्हा माझ्याकडे आणली, कारण आता खिळा चुकला तर मी सांगेन हे तिला ठाऊक आहे. मी पिऊन भट्टीला हात लावत नाही, त्रिफोनच्या दिवशी तर भट्टीच बंद असते. इस्क्रा मागचे दोन्ही पाय देते. उजवा पुढचा देते. डाव्याला हात लावला की ओढून घेते, आणि मान वळवून माझ्याकडे बघते. मग मी हातोडा खाली ठेवतो, तिला खिळा दाखवतो, आणि ती देईपर्यंत थांबतो. कधी कधी अर्धा दिवस जातो.

देन्का म्हणते, "काका, दोरीने बांधू का पाय?"

मी म्हणतो, "नको गं. तिचं बरोबर आहे."